घरी सुतारकाम शिकणारा माणूस आला कुठून?

पीएचडीचा विषय काय, असं कुणी विचारलं की मी "शाळेतल्या हस्तव्यवसायाचा इतिहास" असं सांगते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे कागदाची फुलं वगैरे?" नाही हो. माझा विषय लाकूड आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शाळांना अचानक पोरांच्या हातात चाकू आणि करवत द्यावीशी का वाटली, आणि ती कल्पना फिरत फिरत आपल्या वर्ध्यापर्यंत कशी पोचली, हे मी शोधतेय.

दोन वर्षं मी यावर नुसती वाचत होते. मग एका बैठकीत माझ्या मार्गदर्शक बाईंनी सहज विचारलं, "तू स्वतः कधी लाकडाला हात लावलायस का?" नव्हता लावला. त्या शनिवारी मी एक चाकू, एक लहान करवत आणि धार लावायचा दगड विकत घेतला. लाकूड म्हणून पॅकिंगच्या खोक्यांच्या पाइनच्या पट्ट्या मिळाल्या. भाड्याच्या घराची बाल्कनी हीच कार्यशाळा. तिथे मी शंभरेक वर्षांपूर्वीच्या स्वीडिश अभ्यासक्रमातला पहिला धडा गिरवायला बसले. काय झालं ते पुढे सांगतेच. आधी थोडा इतिहास.

शिकाऊ होता, नवशिका नव्हता

आज तुम्हाला सुतारकाम शिकावंसं वाटलं तर तुम्ही व्हिडिओ बघाल, चार हत्यारं मागवाल आणि सुरू कराल. हे इतकं साधं वाटतं की असा माणूस कायमच असणार, असा आपला समज होतो. पण "पोटासाठी नाही, घरी, स्वतःच्या स्वतः सुतारकाम शिकणारा नवशिका" हा इतिहासात बराच उशिरा आलेला प्राणी आहे.

त्याआधी होता तो शिकाऊ. युरोपात कारागिरांच्या श्रेणी असत. मुलगा लहान वयात उस्तादाच्या घरी राहायला जायचा, काही वर्षं राबायचा आणि मग त्याला त्या धंद्यात उभं राहायची परवानगी मिळायची. आपल्याकडे हेच काम जातीनं केलं. सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्यानं नांगर, कुळव, पाभर करायची, गाडीचं चाक दुरुस्त करायचं आणि सुगीला खळ्यावर आपलं बलुतं न्यायचं. त्र्यं. ना. आत्रे यांच्या १९१५च्या 'गावगाडा'मध्ये ही सगळी व्यवस्था तिच्या कटकटींसह वाचायला मिळते. सुताराचा मुलगा सुतारकाम शिकायचा ते बापाच्या शेजारी बसून. दुसऱ्या कुणाच्या मुलाला ते शिकायचं कारण नव्हतं आणि बहुतेकदा मुभाही नव्हती.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती. ज्ञान हातात होतं, कागदावर नव्हतं. कागदावर उतरवायची गरज कुणाला? ज्याला ते हवं तो शेजारीच बसलेला होता.

कागदावरचा रंधा

इंग्लंडमध्ये हे बदलायचा एक लक्षात राहण्यासारखा प्रयत्न जोसेफ मॉक्सन या माणसानं केला. हा व्यवसायानं मुद्रक. पृथ्वीचे गोल आणि नकाशे बनवायचा. लंडनच्या रॉयल सोसायटीचा सदस्यही झाला. १६७८च्या सुमारास त्यानं 'मेकॅनिक एक्सरसाइझेस' नावाची मालिका हप्त्याहप्त्यानं छापायला घेतली. आधी लोहारकाम, मग सुतारकाम. रंधा कसा धरायचा, पात्याला धार कशी लावायची, दोन लाकडं एकमेकांत कशी बसवायची, सगळं आकृत्यांसह.

गंमत अशी, की पुस्तक लिहिणारा हा माणूसच वाचकाला सांगतो की हाताचं कसब शब्दांनी शिकवता येत नाही, ते सरावानंच येतं. सुतारकामाच्या पुस्तकांची ही अडचण तेव्हापासून आहे आणि आजच्या व्हिडिओंनाही ती सुटलेली नाही.

मॉक्सनचे वाचक होते जिज्ञासू सभ्य गृहस्थ. सामान्य नोकरदार माणूस या गोष्टीत आला तो खूप नंतर. १८८९मध्ये लंडनच्या कॅसल प्रकाशनानं 'वर्क' नावाचं साप्ताहिक काढलं. ते धंदेवाईक आणि हौशी अशा दोघांसाठी असल्याचं पहिल्यापासून जाहीर केलेलं होतं. म्हणजे हौशी माणूस आता इतका वाढला होता की त्याच्यासाठी छापणं परवडू लागलं होतं. पण या हौशी माणसाला पायरीपायरीनं शिकवायचं कसं, याचा सगळ्यात नेटका विचार लंडनमध्ये झाला नाही. तो झाला स्वीडनमधल्या एका तळ्याकाठच्या जमीनदारीत.

नॅसची शाळा

गोथेनबर्गच्या पूर्वेला नॅस नावाची इस्टेट आहे. ऑगस्ट अब्राहमसन या धनाढ्य ज्यू व्यापाऱ्यानं ती १८६८मध्ये विकत घेतली. पुढच्याच वर्षी त्याची बायको गेली. मूलबाळ नव्हतं. त्यानं आपल्या भाच्याला, ऑटो सालोमनला, सोबत घेतलं आणि १८७२मध्ये तिथे मुलांसाठी स्लॉइडची शाळा काढली. दोन वर्षांनी मुलींसाठीही.

स्लॉइड म्हणजे हस्तकौशल्य, घरगुती कारागिरी. स्वीडनमधल्या शेतकऱ्यांच्या घरी हिवाळ्याच्या लांब रात्री पुरुष चमचे, दांडे, दंताळी कोरत बसायचे. कारखान्यांचा स्वस्त माल यायला लागला तशी ही सवय मोडू लागली. श्रेणींची सक्ती १८४६मध्येच संपली होती आणि १८६४पासून कुणालाही कुठलाही धंदा करायची पूर्ण मोकळीक होती. त्यातच १८६०च्या दशकाच्या अखेरीस दुष्काळ पडला. त्यामुळे सुरुवातीला शाळेचा हेतू बराचसा व्यावहारिक होता: पोरांना हातची कला यावी, घराला चार पैशांचा आधार व्हावा.

मग १८७७मध्ये सालोमन फिनलंडला गेला आणि उनो सिग्नेउसला भेटला. सिग्नेउस हा पाद्री. अलास्कातल्या सिटका इथे काही वर्षं काढलेला, आणि पेस्टालोझी व फ्रोबेल यांच्या विचारानं भारलेला. त्याच्या आग्रहामुळे फिनलंडच्या १८६६च्या कायद्यानं खेड्यातल्या मुलांच्या शाळांत हस्तकाम सक्तीचं झालं होतं. त्याचं म्हणणं होतं की शाळेतलं लाकूडकाम पोराला सुतार करण्यासाठी नाहीच, ते पोराचं शिक्षण आहे. गणित असतं तसं.

सालोमनला हे पटलं, आणि इथून नॅसची दिशा बदलली. आता प्रश्न "विकण्यासारखं काय बनेल" हा राहिला नाही. "बनवताना मुलाचं काय बनेल" हा झाला. श्रमाबद्दल आदर, स्वतःवर भिस्त, नीटनेटकेपणा, लक्ष देऊन काम करायची सवय, डोळ्यांना आकाराची पारख. सालोमनच्या याद्यांमध्ये ही उद्दिष्टं परत परत येतात.

आणि त्यासाठी त्यानं रचली वस्तूंची मालिका. माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण या मालिकेवर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. नियम थोडक्यात असे: प्रत्येक वस्तू घरात वापरता आली पाहिजे, शोभेची नको. मुलानं ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्यानं करावी. वस्तू सोपीकडून अवघडकडे जाव्यात आणि प्रत्येक वस्तूत थोडंसंच नवीन असावं. सुरुवात साध्या काडीपासून. मग कुंडीतल्या रोपाला टेकू द्यायची गोल काडी, पत्र फोडायची पट्टी, हातोडीचा दांडा, कुऱ्हाडीचा दांडा, आणि अशा चढत्या भाजणीनं पुढे. पहिलं हत्यार चाकू. का? तर चाकू प्रत्येक मुलानं घरी हातात धरलेला असतो. अनोळखी कामाला ओळखीच्या हत्यारानं सुरुवात करायची.

आजचे "नवशिक्यांसाठी सुतारकाम" शिकवणारे बघा. एक छोटी वस्तू, तिच्यात एकच नवं कसब, मग पुढची वस्तू. ही पद्धत आपल्याला अगदी स्वाभाविक वाटते, पण ती कुणीतरी बसून रचलेली आहे. नॅसला देशोदेशीचे हजारो शिक्षक उन्हाळी वर्गांना आले, त्यात बायकाही बऱ्याच होत्या. गुस्ताफ लार्सननं हीच पद्धत १८८८मध्ये बोस्टनला नेली. स्वीडनच्या शाळांत स्लॉइड हा आजही सक्तीचा विषय आहे.

माझी काडी

आता बाल्कनीत या. पहिला धडा: लाकडाच्या तुकड्यातून चाकूनं एक गोल, टोकदार काडी तयार करायची. मी मनात म्हटलं, ही काय दहा मिनिटांची गोष्ट.

पहिली काडी उभी चिरली. दुसरी पण. तिसऱ्या वेळी चाकू लाकडात रुतला, मी जोर केला आणि अंगठ्याला पट्टी लागली. मग परत पुस्तक काढलं आणि नीट वाचलं. आधी पट्टी चौकोनी करायची. मग चार कोपरे तासून आठ बाजू. मग सोळा. मग गोल. आणि चाकू चालवायचा तो लाकडाचे तंतू ज्या बाजूला उतरतात त्या बाजूला. तंतूंच्या विरुद्ध गेलात की पातं आत घुसतं आणि लाकूड तुमच्या मर्जीनं नाही, त्याच्या मर्जीनं फुटतं.

हे वाक्य मी दोन वर्षांत कित्येकदा वाचलं होतं. माझ्या टिपणवहीत ते लाल शाईनं लिहिलेलंही होतं. पण हाताला कळलं ते चौथ्या काडीला. सालोमननं सुरुवात काडीपासून का केली हे तेव्हा लक्षात आलं. काडीत बाकी काहीच नाही. मोजमाप नाही, जोड नाही, चौरस कोन नाही. फक्त तुम्ही, धार आणि तंतूंची दिशा. रंधा मारताना, पटाशी चालवताना पुढे जे जे लागतं त्याचं मूळ तिथे आहे.

सातवी काडी जमली. गोकर्णीच्या वेलाला टेकू दिलाय तिचा.

शिकवणार कोण?

इथवर सगळं छान वाटतं. आता माझ्या प्रबंधातली ठसठसणारी जागा सांगते.

सालोमनचा एक ठाम आग्रह होता की शाळेत स्लॉइड शिकवायला सुतार नको, शिक्षक हवा. सुताराला काम येतं, पण त्याचं लक्ष वस्तूवर असतं, मुलावर नसतं. म्हणून शिक्षकालाच काही आठवड्यांत लाकूडकाम शिकवायचं आणि त्यानं मुलांना शिकवायचं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते फारच पुरोगामी वाटलं. बरोबरही होतं एका अर्थी. ज्ञान श्रेणीच्या कुंपणाबाहेर आलं. शेतकऱ्याच्या पोराला, शिक्षिकेला, कुणालाही ते खुलं झालं. पण त्याच दाराबाहेर कोण उभा राहिला? ज्याच्या हातातून हे सगळं आलं होतं तोच कारागीर.

आपल्याकडे ही गोष्ट आली तेव्हा हा पेच आणखी अवघड झाला. शांतिनिकेतनातले लक्ष्मीश्वर सिन्हा स्लॉइड शिकायला थेट नॅसला गेले होते. दुसरा धागा जर्मनीचा. म्युनिकचे गेओर्ग केर्शेनस्टाइनर म्हणायचे की मुलानं पक्ष्याचं घरटं म्हणून लाकडी पेटी बनवली तर तिच्यात विचार, आखणी आणि स्वतःची चूक स्वतः तपासणं हे सगळं येतं. जर्मनीत शिकलेले झाकिर हुसेन त्यांच्या विचारानं प्रभावित होते. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि अभ्यासक्रम आखायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष झाकिर हुसेनच होते. समितीनं सुचवलेल्या मूलोद्योगांत सूतकताई-विणकाम आणि शेती यांच्या बरोबरीनं सुतारकामही होतं.

वर्ध्याला तोच जुना प्रश्न परत आला: हे काम कमाईसाठी की शिक्षणासाठी? मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, अशी गांधीजींची अपेक्षा होती. त्यावर आक्षेप आला की मग शाळेतला माल गावातल्या कारागिराच्या पोटावर येईल. आणि याच्या तळाशी आणखी एक प्रश्न होता. ब्राह्मणाच्या पोरानं रंधा मारला तर ते शिक्षण. सुताराच्या पोरानं मारला तर ते काय? त्याच्यासाठी तर शाळा म्हणजे रंध्यापासून सुटायची वाट होती.

सुतारकाकांचा प्रश्न

हा प्रश्न मी पुस्तकातून उचललेला नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एका सुतारकाकांचं दुकान आहे. काड्यांनंतर मी एक छोटा पाट करायला घेतला आणि रंधा काही केल्या चालेना. शेवटी पाटाची फळी घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी फळीवरून अंगठा फिरवला आणि लगेच म्हणाले, "ताई, फळी उलटी धरलीत." फळी फिरवून रंध्याचे दोन हात मारले. पातळ, अखंड ढलपी वळून बाहेर आली. सालोमनच्या पहिल्या धड्यात जे आहे तेच त्यांनी पाच शब्दांच्या आत सांगितलं होतं.

मी विचारलं, "काका, तुम्ही कसं शिकलात?"

"शिकलो कुठं? वडलांच्या हाताखाली होतो. पहिली दोन वर्षं करवतीचं दुसरं टोक धरायचं आणि धार लावायची. वडील बोलायचे नाहीत. चुकलं की पटाशी हातातून काढून घ्यायचे."

"आणि तुमचा मुलगा?"

"डिप्लोमा करतोय. त्याला मीच म्हटलं, यात पडू नको." मग माझ्या फळीकडे बघत म्हणाले, "तुम्ही हौसेनं शिकता, चांगलं आहे. पण ताई, तुमची फळी बिघडली तर तुमचं काय जातं?"

मला उत्तर सुचलं नाही. खरंच काही जात नाही. शंभर-सव्वाशे रुपयांची पट्टी आणि एक रविवार. नवशिक्या असण्याची चैन ती हीच: चुकायची मुभा. मॉक्सनच्या गृहस्थांना ती होती, 'वर्क'च्या वाचकाला होती, मला आहे. काकांना कधीच नव्हती. चुकलेली फळी त्यांच्या वडलांच्या खिशातून जायची.

घरी येऊन मी माझं तिसरं प्रकरण उघडलं. त्यात मी लिहिलं होतं की स्लॉइडनं सुतारकामाला "प्रथमच पद्धतशीर शिक्षणाचं रूप दिलं". ते वाक्य मी खोडलं. कारण काकांच्या वडलांकडे पद्धत होतीच. आधी धार, मग करवत, मग पटाशी, हीसुद्धा सोपीकडून अवघडकडे जाणारी मालिकाच आहे. ती लिहिलेली नव्हती, आणि तिच्यात चुकायला जागा नव्हती. सालोमनचं खरं योगदान मला आता दुसरं वाटतं: त्यानं चुकीची किंमत कमी केली. काडी मोडली तर मोडली, दुसरी घे. हे मोठंच काम आहे. पण ते करताना ज्याच्याकडून घेतलं त्याला वर्गाबाहेर ठेवायची गरज नव्हती. बाईंना नवा मसुदा दिलाय. बघू काय म्हणतात.

तुम्हाला सुरू करायचं असेल तर

हा लेख इतिहासाचा आहे, पण कुणी ना कुणी विचारणारच, म्हणून थोडं अनुभवाचं सांगते.

सुरुवातीला यंत्रं घेऊ नका. चाकू, लहान करवत आणि धार लावायचा चांगला दगड एवढ्यावर काही महिने निघतात. बोथट हत्यार जास्त लागतं, कारण त्याला जोर द्यावा लागतो. म्हणून धार आधी शिका. चाकूच्या वाटेत दुसरा हात ठेवू नका. लाकूड मऊ घ्या, साग-शिसवीवर पहिले हात मारू नका. आणि लक्षात ठेवा, लाकूड पावसाळ्यात आडव्या अंगानं फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. तुमच्या घरातला दरवाजा जुलैमध्ये अडकतो तो यामुळेच. म्हणून फळ्या बसवताना त्यांना हलायला थोडी जागा सोडा.

पहिली वस्तू काडीच करा. कंटाळवाणी वाटेल, तरी करा.

आणि ती झाली की जवळच्या एखाद्या सुताराला नेऊन दाखवा. तासभर शिकवाल का म्हणून विचारा आणि त्या तासाचे पैसे द्या, शिकवणीचे देतो तसे. मी आता दर रविवारी सकाळी काकांकडे जाते. पहिल्या दिवशी पैसे घ्यायला ते तयार नव्हते. "यात शिकवण्यासारखं काय आहे?" म्हणाले. गेल्या रविवारी त्यांनी माझ्या पाटाचा पाय हलवून बघितला, मान डोलावली, आणि त्यांचा मुलगा कोपऱ्यात उभा राहून ते बघत होता.

पुढच्या लेखात सेवाग्रामबद्दल लिहीन. तिथल्या आनंद निकेतन शाळेत नई तालीम आजही चालते. तोवर तुमच्या शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला काय काय करायला लावायचे, आणि ते शिकवायचं कोण, हे मला जरूर कळवा.